स्नायूंची झीज आणि अर्ध्या तासाची धास्ती

व्यायाम करणाऱ्यांमध्ये एक संदेश वर्षानुवर्षे फोनवरून फोनवर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. जोरदार व्यायाम संपताच स्नायू वितळू लागतात. अर्ध्या तासात प्रथिने पोटात गेली नाहीत तर मेहनत वाया जाते. शरीर एका वेळी 30 ग्रॅमच प्रथिने वापरू शकते, म्हणून दर दोन-तीन तासांनी, रात्री उठूनसुद्धा, शेक घ्यावा. बीसीएए (प्रथिनांचे घटक असलेल्या तीन अमिनो आम्लांची पावडर) घेतले की झीज होत नाही. सलग दोन दिवस सुट्टी घेतली तर कमावलेले स्नायू जातात. आणि अंग जितके दुखेल तितके चांगले, फारच दुखले तर प्रथिने वाढवावीत. मी अनेक वर्षे वजनांचा व्यायाम शिकवतो आहे आणि या संदेशाने धास्तावलेली माणसे मला सतत भेटतात, म्हणून त्यातील एकेक दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

स्नायू वितळतात, या पहिल्या दाव्यात अर्धे सत्य आहे. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजनांच्या व्यायामानंतर उपाशी असलेल्या व्यक्तींच्या स्नायूंत काय घडते याची मोजदाद केली गेली. तीन तासांनी प्रथिनांची मोडतोड विश्रांतीच्या स्थितीपेक्षा सुमारे 31 टक्क्यांनी वाढलेली आढळली. संदेश इथेच थांबतो. मात्र त्याच वेळी नवी प्रथिने बांधली जाण्याचा वेग 112 टक्क्यांनी वाढलेला होता, आणि 48 तासांनी मोडतोड पूर्वपदावर आली तरीही बांधणी 34 टक्क्यांनी जास्तच होती. उपाशीपोटी जमाखर्च तुटीतच राहिला हे खरे, पण ती तूट व्यायाम न करता उपाशी राहिल्यावर पडणाऱ्या तुटीपेक्षा कमी होती. म्हणजे व्यायामाने स्नायू खर्ची पडत नाहीत. ते अन्न स्वीकारायला सज्ज होतात.

शिवाय मोडतोड पूर्णपणे थांबवावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. स्नायूंतील प्रथिनांपैकी साधारण एक ते दोन टक्के दररोज मोडून नव्याने बांधली जातात. ताणामुळे बिघडलेले तंतू काढल्याशिवाय त्यांच्या जागी धड तंतू येणार नाहीत. निकामी प्रथिनांवर यूबिक्विटिन नावाची खूण लावून पेशी त्यांची विल्हेवाट कशी लावते, या शोधाला 2004 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. जी यंत्रणा इतकी मूलभूत आहे तिला शत्रू समजून लढण्यात अर्थ नाही. बांधणी मोडतोडीपेक्षा सरस राहावी, एवढेच आपल्या हाती आहे, आणि तो हिशेब अर्ध्या तासाचा नसून दिवसांचा आणि आठवड्यांचा असतो.

अर्ध्या तासाचा दावा यामुळेच लंगडा पडतो. स्नायूंची ही सज्जता निदान पुढचा अख्खा दिवस टिकते. 2013 साली अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा दिवसभरातील एकूण प्रथिने विचारात घेताच व्यायामानंतरच्या नेमक्या वेळेचा फायदा जवळजवळ दिसेनासा झाला. 2018 च्या आणखी मोठ्या विश्लेषणात, वजनांचा व्यायाम करणाऱ्या निरोगी प्रौढांमध्ये, दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिनांपर्यंत स्नायूवाढीला मदत होते आणि त्यापुढे सरासरी लाभ थांबतो असे दिसले. 70 किलोच्या व्यक्तीसाठी हा आकडा 112 ग्रॅम होतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हा हिशेब स्वतः न मांडता डॉक्टरांशी बोलावे. सकाळी रिकाम्या पोटी व्यायाम करणाऱ्यांनी नंतर लवकर जेवावे हे योग्यच, कारण त्यांचा उपवास आदल्या रात्रीपासूनचा असतो. इतरांना धावत जाऊन शेक ढवळण्याची गरज नाही.

आता तिसरा दावा, ज्यावर मी थोडा अधिक थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. एका वेळच्या मात्रेची मर्यादा ज्या प्रयोगांवरून आली, त्यांत खाल्ल्यानंतरचे मोजके तासच पाहिले गेले होते. 2023 मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील संशोधकांनी व्यायामानंतर 25 ग्रॅम आणि 100 ग्रॅम प्रथिने देऊन तुलना केली व मोजमाप 12 तास चालू ठेवले. मोठ्या मात्रेने बांधणी अधिक वाढली आणि ती अधिक काळ टिकली. जास्तीचा भाग वाया जात नाही, तो सावकाश वापरला जातो. दिवसातून तीन-चार वेळा प्रथिने विभागून खाणे सोयीचे आणि चांगले आहे, त्याला माझी हरकत नाही. झोपण्यापूर्वी प्रथिने घेण्यालाही नाही. हरकत आहे ती झोप मोडण्याला.

माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणाने मला आपली वही दाखवली होती. प्रत्येक तारखेखाली वजने, सेट आणि आवृत्त्या सुबक अक्षरात लिहिलेल्या, आणि समासात रोज दोन वेळा: रात्रीचा एक आणि पहाटेचे चार. त्या वेळांना गजर लावून तो शेक प्यायला उठत असे. तीन महिन्यांत त्याची वजने वाढली नव्हती, उलट बैठकांचे वजन पाच किलोने उतरले होते, आणि उपाय म्हणून तो तिसरा गजर लावण्याच्या विचारात होता.

त्या वहीत झोपेचा रकाना नव्हता. 2021 च्या एका अभ्यासात केवळ एक रात्र जागून काढल्यावर स्नायूंतील प्रथिनबांधणी 18 टक्क्यांनी घटली, ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल वाढले आणि बांधणीला मदत करणारे संप्रेरक टेस्टोस्टेरॉन उतरले. 2010 साली आहार कमी केलेल्या दहा जणांवर झालेला प्रयोग लहान असला तरी बोलका आहे: त्याच व्यक्तींना, तेवढ्याच आहारावर, दोन आठवडे अंथरुणात साडेआठ तासांऐवजी साडेपाच तास मिळाले, तेव्हा त्यांनी चरबी कमी गमावली आणि चरबीविरहित वस्तुमान 60 टक्क्यांनी अधिक गमावले. स्नायू वाचवण्यासाठी झोप मोडणारा माणूस ते नेमके कुठे गमावतो आहे, हे यावरून कळावे. त्या तरुणाला मी एकच बदल सांगितला, दोन्ही गजर काढून टाकण्याचा.

बीसीएएचा दावा थोडक्यात आटोपता येतो. बांधणीसाठी अन्नातून मिळवावीच लागतात अशी अमिनो आम्ले नऊ आहेत. या पावडरीत त्यांपैकी तीनच असतात. त्या तिघांतील ल्युसिन बांधणीचा इशारा देते, पण उरलेला माल नसेल तर काम पुढे सरकत नाही. जो दिवसभरात पुरेशी प्रथिने खातो त्याला ही तिन्ही आम्ले अन्नातून मिळतच असतात.

याउलट संदेशात कर्बोदकांचा उल्लेखही नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. 1980 च्या एका अभ्यासात तासभर चाललेल्या व्यायामात, स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा भरलेला असताना प्रथिनांतून सुमारे 4 टक्के ऊर्जा आली. साठा रिता असताना तो वाटा 10 टक्क्यांवर गेला. जो माणूस भात-पोळी-बटाटा सोडून, एकूण उष्मांक निम्मे करून, वर प्रथिनांचे डबे रिचवतो, तो त्या महागड्या प्रथिनांचा काही भाग नुसता जाळतो.

विश्रांतीने स्नायू जातात या भीतीला पाच दिवस पाय जखडून ठेवणाऱ्या प्रयोगांचा आधार दिला जातो. त्यांत मांडीचे स्नायू सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटले होते, हे खरे. पण ती अवस्था प्लास्टरमधल्या पायाची आहे, चालणाऱ्या-फिरणाऱ्या, जेवणाऱ्या, आठवड्यातून दोन दिवस वजने न उचलणाऱ्या माणसाची नव्हे. सुट्टीनंतर दंड सैल भासतात त्याचे कारण बहुधा ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबत साठणारे पाणी कमी होणे हे असते, आणि ते एक-दोन जेवणांत व पहिल्या व्यायामात भरून येते.

शेवटचा दावा, दुखण्याचा, केवळ चुकीचा नाही तर धोक्याचा आहे. नेहमीची अंगदुखी 24 ते 72 तासांत तीव्र होऊन ओसरते. ती वाढीचे माप नव्हे, सवय झाली की तोच व्यायाम तेवढा दुखत नाही आणि स्नायू तरीही वाढतात. परंतु दीर्घ खंडानंतर, उन्हात, पाणी कमी पिऊन किंवा ईर्ष्येने शेकडो आवृत्त्या केल्यावर स्नायूपेशी फुटून त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरू शकते आणि मूत्रपिंडे निकामी करू शकते. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायू टणक सुजणे, कोपर सरळ न होणे, असह्य वेदना, विलक्षण अशक्तपणा, आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा होणे ही त्याची लक्षणे आहेत. ती सगळी एकाच वेळी दिसतीलच असे नाही. अशा वेळी प्रथिने वाढवू नयेत, वेदनाशामक गोळी घेऊन वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि रक्तातील क्रिएटिन कायनेज (इजा झालेल्या स्नायूंतून रक्तात येणारे विकर) तपासून घ्यावे.