'तंबूतली बाई' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. ते गाणाऱ्या बेसी स्मिथवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "ही तंबूतल्या खेळात नाचगाणं करणारी बाई. खरा ब्लूज मिसिसिपी डेल्टातल्या गिटारवाल्यांचा. लेखक ऐकत नाहीत, वाचून लिहितात." शिवाय एक तारखेची चूक, अनुवादावर शेरा आणि शेवटी "आधी अभ्यास करा".

तारखेचं तुमचं बरोबर आहे. 'हेलहाउंड ऑन माय ट्रेल' हे गाणं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्याच डेल्टाचा गिटारवाला रॉबर्ट जॉन्सन याने सॅन अँटोनिओत 1936 साली नाही, डॅलसमध्ये जून 1937 मध्ये गायलं. दुरुस्ती केली आहे, आभार. अनुवाद आवडला नाही, ठीक.

पण 'तंबूतली बाई' हे शब्द लागले. हा सूर माझ्या ओळखीचा आहे. माझे वडील नाटक मंडळीत ऑर्गन वाजवायचे. 'नाटकवाले' म्हणून आम्हाला भाड्याने खोली द्यायला लोक कां-कूं करत आणि रात्री तेच लोक पुढच्या रांगेत बसून पदांना वन्समोअर देत. त्यामुळे पोटासाठी गाणाऱ्या बाईला कोणी नाकं मुरडली की मला गप्प बसवत नाही.

बेसी अमेरिकेतल्या चॅटनूगा शहरातली. आईबाप लहानपणीच गेले. भाऊ अँड्र्यू गिटार वाजवायचा आणि ही पोर रस्त्यात उभी राहून गायची. तंबू नंतर आला. तुम्हाला गिटारच हवी ना? ती तिथे होती, रस्त्यावर, भुकेसकट.

आणि खेळ करून दाखवणं कमीपणाचं असेल, तर चार्ली पॅटनचं काय करायचं? तो डेल्टाचाच, गिटार डोक्यामागे धरून वाजवायचा. त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण जून 1929 चं. गायिका मेमी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' ऑगस्ट 1920 चं. ते खपलं म्हणून कंपन्यांना कळलं की काळी माणसं तबकड्या विकत घेतात. गिटारवाल्यांसाठी दार या बायकांनी उघडलं. खुद्द जॉन्सनसुद्धा दुसऱ्यांच्या तबकड्या ऐकून शिकला.

आता "वाचून लिहितात" याबद्दल. बेसीचं 'सेंट लुई ब्लूज' मी एकोणिसाव्या वर्षी, फोर्टातल्या फुटपाथवर घेतलेल्या कॅसेटवर ऐकलं. 14 जानेवारी 1925 चं ते ध्वनिमुद्रण. मायक्रोफोन नाही, कर्ण्यासमोर उभं राहून गायलेलं. ढोल नाही, पियानो नाही. साथीला लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं फुंकून वाजवायचं वाद्य, आणि फ्रेड लाँगशॉची हार्मोनियम, बस्स. बेसी ओळ संपवते, कॉर्नेट तिला उत्तर देतो, आणि हार्मोनियम खाली लांब स्वर धरून राहते.

रात्री ते वडिलांना ऐकवलं. इंग्रजीचा एक शब्द त्यांना कळत नव्हता. दुसऱ्या कडव्याला पाहिलं तर खुर्चीखाली त्यांचे दोन्ही पाय आळीपाळीने हलत होते, भाता मारावा तसे. गाणं संपल्यावर म्हणाले, "पेटीवाला जाणता आहे. बाईच्या मध्ये येत नाही." मग कॅसेट मागे घ्यायला सांगितली. त्या रात्री ते गाणं आम्ही चार वेळा ऐकलं. अभ्यास म्हणतात तो हाच, आणि तो मी केला आहे.

मतभेद जरूर कळवा, चुका दाखवा, मी सुधारीन. मात्र बेसीला पुन्हा 'तंबूतली बाई' म्हणालात, तर ती प्रतिक्रिया मी इथे ठेवणार नाही. पुढचा लेख ब्लूज गाणाऱ्या मा रेनीवर आहे. तीही तंबूतच गायची.