बिनखात्याचा मंत्री

गोव्यात फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं वह्या-पेनांचं दुकान आहे, आणि गेल्या जूनपासून मी मंत्री आहे. खातं कुठलं ते विचारू नका. ज्याला जे हवं ते खातं तो माझ्या गळ्यात घालून मोकळा होतो. नळ कोरडा पडला की मी पाणीपुरवठा मंत्री, वीज गेली की वीजमंत्री. शेजारच्या हार्डवेअरवाल्याच्या दारात रस्ता खणून ठेवला होता, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सार्वजनिक बांधकाम माझ्याकडे होतं. गिऱ्हाईक दोनशे पानी वही मागतं, पैसे देतं आणि जाता जाता विचारतं, "मंत्रीसाहेब, म्हज्या चल्याचें कितें जालें?" चलो म्हणजे मुलगा; तो कोण, नोकरी कुठली, मला काही ठाऊक नसतं. मी सवयीने म्हणतो, "फाइल वर गेली आहे." गिऱ्हाईक समाधानाने जातं. त्यांना खऱ्या मंत्र्याकडूनही हेच उत्तर मिळतं, फक्त तिथे थांबावं लागतं जास्त.

हे सगळं माझ्या भाच्याचं कर्तृत्व. पोरगा इंजिनिअर झाला, सरकारी नोकरीचे अर्ज भरून झाले, आणि निकाल लागेपर्यंत काय करायचं म्हणून तो राजकारणावर विनोदी व्हिडिओ करू लागला. सुरुवातीला आमदार, पत्रकार, मतदार आणि मतदाराची आई ही सगळी पात्रं तो एकटाच करायचा. आईच्या पात्रासाठी माझ्या बहिणीचा गाऊन घालून उभा राहिला, तेव्हा घरात जो तमाशा झाला त्यातून त्याला कळलं की पात्रं बाहेरून आणावी लागतील. बाहेर म्हणजे मामाकडे.

"मामा, मंत्र्याच्या रोलला तुझ्याशिवाय कोण दिसतच नाही."

मी मनातून सुखावलो. गावच्या जत्रेला आमच्याकडे मराठी नाटक होतं आणि त्यात औरंगजेब, अफझलखान, दुर्योधन असली सगळी वजनदार मंडळी मी वर्षानुवर्षं सांभाळली आहेत. शेवटी कलेची कदर झाली, असं वाटून मी विचारलं, "माझ्यातलं काय बघितलंस?"

"पोट," तो म्हणाला.

आता जत्रेच्या नाटकाची रीत अशी की पडदा उघडतो मध्यरात्रीच्या सुमाराला आणि प्रेक्षक आलेला असतो पहाटेपर्यंत बसायच्या तयारीने. बादशहाची एन्ट्री म्हणजे आधी आतून आरोळी, मग नगारा, मग तीन पावलं, मग थांबून पिटातल्या प्रत्येकावर एक नजर, आणि त्यानंतर, सवड मिळाली तर, वाक्य. एवढ्यात मागच्या रांगेतला माणूस गाड्यावर जाऊन भजी-पाव घेऊन परत येऊ शकतो. मी अंगणात तशीच एन्ट्री घेतली. भाच्याने मोबाइल खाली ठेवला.

"मामा, तू पहिलं पाऊल टाकलंस तेव्हाच लोक पुढच्या रीलवर गेले. तीन सेकंदांत हसवायचं."

"तीन सेकंदांत मी श्वास घेतो."

"तर मग श्वास घेऊन ये."

दुसरी अडचण हाताची. औरंगजेब हात फेकून बोलतो. मोबाइल उभा धरतात, त्यामुळे चित्राची चौकट आमच्या न्हाणीच्या दारापेक्षा अरुंद. हात फेकला की कोपरापासून पुढचा मंत्री गायब. शेवटी भाच्याने मला दोन्ही हात शालीत गुंडाळायला लावले. शाल माझीच, नाट्यमंडळाने सत्कारात दिलेली. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून रबराने बांधलेला, डबा स्टुलावर, स्टूल तुळशीवृंदावनाच्या पायरीवर. मी म्हणायचं होतं, "जनतेच्या हितासाठी मी पक्ष बदलतोय." पहिल्यांदा पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला. दुसऱ्यांदा आतून मिक्सर लागला. पुढच्या वेळी वाक्य बरोबर जमलं, भोंगा नाही, मिक्सर नाही, आणि बायको दारातून म्हणाली, "जनतेचं हित मागाहून, आधी गॅस बंद कर." भाच्याने तेच ठेवलं. आजवरचा आमचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ तोच. लोक म्हणतात टायमिंग काय आहे! टायमिंग बायकोचं आहे, आणि ती लग्नापासून असंच बोलते.

पण खरी कटकट अभिनयाची नाही, मजकुराची आहे. गोव्याच्या राजकारणावर विनोद लिहायला बसा म्हणजे कळेल. अतिशयोक्तीला जागाच ठेवलेली नाही. मी तरुण होतो तेव्हा १९९० मध्ये एक मुख्यमंत्री अठरा दिवस होते, १९९४ मध्ये एका मुख्यमंत्र्यांना आठवडाही पुरा करता आला नाही. त्या काळात सामान्यज्ञानाच्या वहीत मुख्यमंत्र्यांचं नाव मुलांनी पेन्सिलीने लिहावं, असं मी दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचो. पेन्सिली खपायच्या. मग पक्षांतरबंदीच्या कायद्यातून एक तृतीयांश आमदारांनी फुटण्याची सोय गेली आणि आमच्याकडे गणित सुधारलं. दोन तृतीयांश आमदार मिळून दुसऱ्या पक्षात गेले तर ते पक्षांतर नाही, विलीनीकरण. २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे आमदार होते १५, पैकी गेले १०. बरोब्बर दोन तृतीयांश, बाकी शून्य. २०२२ मध्ये होते ११. आता अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक एक तृतीयांश, आणि आमदाराचा एक तृतीयांश पाठवता येत नाही, म्हणून गेले ८. अपूर्णांकाचा इतका चोख धडा कुठल्याही गाइडात नाही, आणि गाइडं मी विकतो.

त्यातही २०२२ च्या निवडणुकीआधी जानेवारीत याच पक्षाच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन फुटणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. तिन्ही धर्मांची हमी. सप्टेंबरात आठजण गेले. शपथेचं काय, असं विचारल्यावर त्यांच्यातल्या एका ज्येष्ठांनी सांगितलं की मी पुन्हा देवाला विचारलं, देव म्हणाला तुला योग्य वाटेल ते कर. हे घडायच्या आधी भाच्याने असाच प्रसंग लिहिला असता, मंत्री देवाला कौल लावतोय, उजवी पाकळी पडली तर हा पक्ष, डावी पडली तर तो, तर मीच त्याला म्हटलं असतं, बाबा, जरा जास्त होतंय. आता तो लिहून दाखवतो तेव्हा त्याचे मित्र म्हणतात, "ही तर बातमी आहे, जोक कुठे आहे?"

पणजीच्या कला अकादमीचं, म्हणजे सरकारी नाट्यगृहाचंही तसंच. नूतनीकरणाचं काम निविदेशिवाय कसं दिलं, या प्रश्नावर विधानसभेत उत्तर मिळालं की शाहजहाननेही ताजमहालासाठी निविदा मागवल्या नव्हत्या. पुढे २०२३ च्या जुलैत तिथल्या खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं. या दोन वाक्यांच्या मध्ये विनोदी लेखकाने उभं कुठे राहायचं? (छपराखाली तर नक्कीच नको.)

भाच्याचा एक मित्र मडगावचा, तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, घरातला. तो आम्हाला हसतो. पहिला तियात्र १८९२ मध्ये मुंबईत झाला, तेव्हापासून त्यांच्या लोकांना ही सवय आहे. दोन पडद्यांच्या मधल्या वेळात गायक पुढे येतो आणि कांतारात, म्हणजे गाण्यात, पुढाऱ्यांची सालं काढतो. प्रेक्षक शिट्ट्या मारून तेच कडवं परत म्हणायला लावतात. कित्येकदा पुढारी स्वतः पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत असतो. आम्ही मराठी नाटकवाले त्या मानाने सावध. आम्ही तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहावर गरजतो. त्याच्याकडे कुणाची बदलीची फाइल अडकलेली नसते.

फाइल हीच खरी गोम. मुंबईचा माणूस दिल्लीतल्या मंत्र्यावर व्हिडिओ करतो आणि जेवायला जातो. आमच्या विधानसभेच्या जागा ४०, एका मतदारसंघात जेमतेम तीसेक हजार मतदार. ज्याची चेष्टा करायची तो चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आपल्या घरी येऊन माटोळीतली, म्हणजे गणपतीवर टांगलेली, फळं मोजतो, लग्नात अक्षता टाकतो आणि कुणी गेलं तर स्मशानात आपल्याआधी पोचलेला असतो. म्हणून आम्ही ठरवलं की व्हिडिओत नाव घ्यायचं नाही, पक्ष सांगायचा नाही, झेंड्याचा रंगसुद्धा नको. तरी माझी बहीण धास्तावलेलीच. "नोकरी लागेपर्यंत तरी थांब रे," म्हणून ती रोज मुलाच्या मागे. भाच्याने तिला समजावलं की ऑनलाइन मजकुरावरून अटक करायचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं आहे.

"कोर्टाने केलं असेल," ती म्हणाली, "मी केलेलं नाही."

पण नाव न घेतल्याने झालं भलतंच. सत्तेतल्यांना वाटलं हा विरोधकांचा नेता. विरोधकांना वाटलं हा सत्तेतला. आमच्या मंत्र्याने अडीच मिनिटांत इतके पक्ष बदलले होते की प्रत्येकाला तो शेजारच्या पक्षात असतानाच दिसला. दोघांनीही तो आपापल्या ग्रुपवर 'बघा यांची लायकी' म्हणून टाकला. दुबईच्या चुलतभावाकडून तो मलाच परत आला, वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले' अशी पट्टी, खाली त्याचा मजकूर: "हा नालायक थोडा तुझ्यासारखा दिसतो, बघ." मी त्याला हसणारे तीन चेहरे पाठवले. काय करणार?

चवथीला आमच्या वाड्यावरचे पंच, म्हणजे पंचायतीचे सदस्य, आले. माटोळीखाली बसले, नेवऱ्या खाल्ल्या, चहा नको म्हणून घेतला, आणि बशी खाली ठेवत म्हणाले, "तो व्हिडिओ माझ्यावर आहे म्हणे."

बहिणीने आतून माझ्याकडे असं बघितलं की अफझलखान जागच्या जागी गार. मी म्हटलं, "छे छे, पंचानू, तुमच्यावर कसा असेल? काल्पनिक आहे सगळं. तुमचा काही संबंध नाही."

त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे पलीकडच्या प्रभागातल्यावर आहे?"

"नाही हो, कुणावरच नाही."

"त्याच्यावरच असणार. शाल तशीच घेतो तो. त्याने काय काम केलंय म्हणून त्याच्यावर व्हिडिओ? माझ्या प्रभागात राहता, कचऱ्याची गाडी माझ्यामुळे येते, आणि व्हिडिओ त्याच्यावर?"

बदनामीचा खटला निस्तरायला मी तयार होतो. बदनामी केली नाही म्हणून आलेला रुसवा कसा काढतात, याचा मला अनुभव नव्हता. भाचा मात्र या पिढीचा. तो म्हणाला, "अंकल, पुढच्यात तुम्हीच काम करा की."

पंच घुमटाच्या आरतीला थांबले. झांज त्यांनीच वाजवली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी संहिता पाठवली, व्हॉट्सॲपवर, स्वतः बोलून टाइप केलेली, त्यामुळे 'नळ' आहे तिथे दोनदा 'नल' आणि एकदा 'नवल' झालंय. प्रसंग असा: पंच वाड्यावर नव्या नळाचं उद्घाटन करतात. नारळ फुटतो. पंच नळ सोडतात, आतून नुसतीच फुस्स करून हवा येते. लोक बघत राहतात. पंच कॅमेऱ्याकडे वळून म्हणतात, "हवा आली, म्हणजे पाइप जोडलाय हे सिद्ध झालं. पाणी पुढच्या टर्मला."

भाच्याने ते दोनदा वाचलं आणि बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, आपल्याला एवढं चांगलं एकदाही सुचलं नाही."

"सुचायला काय लागतं? ते अनुभवावरून लिहितायत," मी म्हटलं, पण आवाजात दम नव्हता.

शूटिंग रविवारी आहे. पंचांनी कडक इस्त्रीचा शर्ट घेतलाय, कचऱ्याची गाडी मागे दिसेल अशी उभी करायला सांगितलीय, आणि नारळ पंचायतीच्या खर्चात घालता येईल का, ते सचिवांना विचारलंय. संहितेत मलाही काम ठेवलंय, मतदाराचं. वाक्य एकच: "पण साहेब, पाणी…" तेवढ्यात ते मला तोडतात. तेही मला डाव्या बाजूने, नुसत्या आवाजाने म्हणायचं आहे, कारण उभ्या मोबाइलमध्ये आम्ही दोघं मावत नाही.