मर्सिडीज आहे, पण भाडं मारत नाही

बँकेत एकदा बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, की माझ्याकडे 1968 ची मर्सिडीज आहे. त्या दिवसापासून मॅनेजरसाहेब मला 'अहो' म्हणू लागले. दुपारचा चहा आधी माझ्या टेबलावर यायला लागला. महिन्याभराने सगळी शाखा गाडी बघायला कराडजवळच्या आमच्या गावी आली. परड्यात गोठ्याला खेटून उभा असलेला सहाटायरी ट्रक बघितला आणि मॅनेजरसाहेब तिथल्या तिथे 'अरे'वर आले.

मी खोटं बोललो नव्हतो. टाटांच्या टेल्को कंपनीचा, मर्सिडीज बनवणाऱ्या जर्मनीच्या डेमलर-बेंझशी 1954 साली करार झाला आणि पुढची पंधरा वर्षं जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझ नावाचे ट्रक निघत होते. 1969 मध्ये करार संपला, नाकावरची मर्सिडीजची चांदणी गेली आणि तिथे टाटांचा 'टी' आला. माझी गाडी चांदणीच्या जमान्यातली. जुने ड्रायव्हर तिला 'बाराशेदहा' म्हणतात. पहिले दोन आकडे वजनाचे, म्हणजे बारा टन. पुढचे दोन ताकदीचे, दहाच्या पटीत, म्हणजे शंभराच्या आसपास घोडे. त्यातले आज किती हयात आहेत ते मिस्त्रीलाच ठाऊक.

ही मला एका वीटभट्टीवर सापडली. भंगारवाल्याने किलोवर भाव ठरवला होता, मी किलोमागे दोन रुपये चढवून दिले. घरी सांगताना किलोचा भाव सांगितला, वजन सांगितलं नाही.

या छंदातला खरा त्रास डिझेलचा नाही, ग्रीसचा नाही, मणक्याचाही नाही. ज्याच्याकडे जुनी फियाट असते त्याला लोक रसिक म्हणतात. तिच्या बॉनेटवरून हात फिरवतात, फोटो काढतात. माझ्या गाडीला मात्र चार बाजूंनी फिरून बघतात, फाळका वाजवतात आणि विचारतात, "खेपेला काय घेता?" रिकामा हौदा आपल्या माणसाला बघवतच नाही. चुलतभावाला त्यात ऊस दिसतो, मेहुण्याला त्याचं बिऱ्हाड. गणपती मंडळाची पोरं श्रावण लागला की दारात हजर. "काका, विसर्जनाला गाडी लागंल." मी म्हणतो, अरे, ही व्हिंटेज आहे. ती म्हणतात, "चालंल की. सजवल्यावर कुठं दिसतंय?"

सरकारही त्यातलंच. 2021 मध्ये नियम आला, की पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना व्हिंटेज मानायचं आणि 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट द्यायची. मी पेढे वाटले. मग नियम पुन्हा वाचला. दुचाकी आणि चारचाकी. माझ्या गाडीला पुढे दोन आणि मागे जोडीने चार. एजंटला विचारलं, मागची दोन काढून आणू का? त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "साहेब, चाकं सगळी काढली तरी ट्रक तो ट्रकच. तो नियम माणसं नेणाऱ्या गाड्यांचा आहे, माल नेणाऱ्यांचा नाही." म्हणजे कायद्याच्या डोळ्यांनाही तिच्यात भाडंच दिसतं. तेव्हा दरवर्षी पासिंगला रांगेत उभा राहतो. पुढे वाळूचा डंपर, मागे कोंबड्यांचा टेम्पो.

डिझेलचा काटा मी गाडी घेण्याआधीपासून अर्ध्यावर अडकलेला आहे. टाकीत बांबूची काठी बुडवून अंदाज घ्यायचा. एका रविवारी काठी सापडली नाही (बायकोने तिच्यावर घेवड्याचा वेल चढवला होता) आणि गाडी ओढ्याच्या पुलावर बसली. डिझेलच्या गाडीत टाकी कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही, पाइपात हवा शिरते. ती काढणं हे एक स्वतंत्र व्रत आहे. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू अर्धा आटा ढिला करायचा आणि खालचा हातपंप दाबत राहायचं. आधी नुसता फेस येतो. मग बुडबुडे. मग डिझेल आणि बुडबुडे आळीपाळीने, दमेकऱ्यासारखे. मग एकाएकी बुडबुड्याविना सलग धार लागते, आणि त्या क्षणी दुसऱ्या हाताने स्क्रू आवळायचा असतो. माझा दुसरा हात नेमका त्याच वेळी नाक खाजवत असतो. धार कोपरापर्यंत येते, तिथून बनियनमध्ये शिरते, आणि मिस्त्री शांतपणे म्हणतो, "हां. आता परत पहिल्यापासून." ते झालं, की नोझलच्या पाइपांचे सहा नट एकेक करून.

अंगाचा वास तीन दिवस जात नाही. परवा एका लग्नात अत्तर लावणारा मुलगा माझ्यापाशी आला, थबकला आणि पुढच्याकडे गेला.

नाकावरची चांदणी नव्हती. ती शोधायला पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अशा कितीतरी चकरा मारल्या. शेवटी सापडली तेव्हा विक्रेत्याने विचारलं, "कुठल्या मॉडेलला?" मी खरं ते सांगितलं. त्याने भाव निम्म्याने उतरवला. आयुष्यात ट्रकचा एवढा फायदा एकदाच झाला.

तर अशी चांदणी लावून, पुण्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं तिथे गेलो. मिस्त्री शेजारी. तो पोरवयात अशाच बाराशेदहावर किन्नर, म्हणजे क्लीनर होता. मी गिअर टाकताना डबल क्लच चुकलो की तो डोळे मिटून घेतो, देवळात चप्पल घालून शिरल्यासारखा. फाटकात स्वयंसेवक धावत आला. मी काच खाली केली आणि गाडीची माहिती सांगायला घसा खाकरला. तो म्हणाला, "खुर्च्या मागच्या बाजूला उतरवा." समजावून सांगितल्यावर त्याने जागा दिली, जनरेटरशेजारी.

संध्याकाळी परत निघालो. शिरवळच्या पुढे रस्त्याकडेला एक चकचकीत जुनी मोटार बॉनेट उघडून वाफ सोडत उभी. सकाळी पहिल्या रांगेत होती. मालक हॅट काढून हात करत होते. पुढे खंबाटकीचा घाट, वर अंधार. मिस्त्रीने साखळी काढली, मोटार मागे बांधून टोचन केलं.

मालक माझ्या खिडकीपाशी आले. माझी छाती भरून आली. आता विचारतील, कुठल्या सालची, किती वर्षं जपलीत.

"साताऱ्यापर्यंत काय घेणार?"

मी म्हटलं, अहो, मी भाडं मारत नाही, ही हौसेची गाडी आहे. ते म्हणाले, "कळलं, पण आकडा बोला." आणि काय झालं कोण जाणे, मी बोललो, "तीन हजार."

"तीन? रिकामेच चाललात ना? परतीच्या गाडीला कोण पुरं भाडं देतं? पंधराशे."

बाविसशेवर तुटलं. मी गिअरला हात घातला, तर मिस्त्रीने माझ्या पोटावरून आडवा हात खिडकीबाहेर काढला होता.

"शेठ, निम्मा ॲडव्हान्स."