बाविसाव्या दिवशी ग्राहक येत नाहीत

नाशिकच्या घरगुती उद्योजकांच्या, क्लासवाल्यांच्या, पार्लरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच. रोज सकाळी आरशासमोर ‘मी यशस्वी आहे’ म्हणा. यश डोळ्यांसमोर आणा. सवय २१ दिवसांत लागते, म्हणून २१ दिवस इन्स्टाग्रामवर रोज एक रील (छोटा व्हिडिओ) टाका. एक दिवस खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. नकारात्मक माणसांना दूर ठेवा. आकडे पाहू नका, विश्वास ठेवा. बाविसाव्या दिवशी ग्राहक तुम्हाला शोधत येतील.

हा मेसेज निरुपद्रवी नाही. नाशिकच्या सिडको भागात घरी वाळवण करून विकणारी बाई तो मनापासून पाळते, ग्राहक येत नाहीत आणि मग तोच मेसेज तिला सांगतो की तुझा विश्वास कमी पडला. चूक पद्धतीची असते, दोष तिच्या मनाला लागतो. म्हणून एकेक दावा तपासू, उदाहरण तिच्याच कुरडयांचं घेऊन.

‘२१ दिवसांत सवय लागते.’ हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून आला. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. १९६० साली ते छापून आलं आणि पुढे लोकांनी त्यातला ‘किमान’ गाळून टाकला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत गेला. शिवाय मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. ‘एक दिवस खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून’ ही मेसेजमधली धमकी त्यामुळे बिनबुडाची आहे.

आरशासमोरच्या वाक्याबद्दल थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगात, ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटत होतं त्यांना स्वतःची अशी स्तुती घोकल्यावर बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्यांच्यासाठी हा उपाय सांगितला जातो, त्यांनाच तो बाधू शकतो.

‘यश डोळ्यांसमोर आणा’ हा दावा जास्त फसवा आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञांनी आशेचे दोन प्रकार वेगळे केले: अनुभवावर उभी असलेली अपेक्षा आणि नुसतं सुखस्वप्न. नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांवरच्या त्यांच्या २००२ च्या अभ्यासात, सुखस्वप्नात जास्त रमणाऱ्यांनी अर्ज कमी पाठवले आणि दोन वर्षांनी त्यांचा पगारही कमी होता. अपेक्षा बाळगणाऱ्यांचं मात्र चांगलं झालं. स्वप्नात फळ आधीच चाखून होतं, मग हात ढिले पडतात. म्हणून डोळ्यांसमोर यशाबरोबर अडथळाही आणायचा आणि त्याला वेळ-ठिकाणासकट कृती बांधायची. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी हीच ‘अमुक झालं की तमुक करायचं’ पद्धत मांडली. कुरडईवालीसाठी तिचं रूप असं: ‘चौकशी करून गप्प झालेल्यांना परत विचारायला संकोच वाटतो. तर दुपारचा चहा झाला की, मुलं शाळेतून यायच्या आत, कालच्या दोघांना दर आणि तारखेचा मेसेज पाठवायचा.’ आरशापेक्षा हे वाक्य कागदावर लिहून ओट्यावर चिकटवा.

आता रील. वेळ खरा इथे जातो. शूटिंग, कापाकापी, मजकूर मिळून एका रीलला दीड तास धरला तर २१ रील म्हणजे साडेएकतीस तास. वाळवणाच्या दिवसांत एवढा वेळ गेला तर माल कोण करणार? दहाव्या दिवसापर्यंत दाखवण्यासारखं संपतं आणि इतरांच्या गाण्यांवर ओठ हलवणं सुरू होतं. इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्यावर सगळी लोकप्रिय गाणी मिळत नाहीत, आणि हक्क राखीव असलेलं गाणं परवानगीशिवाय वापरलं की आवाज बंद होण्याची शक्यता असतेच. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलेल्या मुख्य कसोट्या तीन: लोकांनी रील किती वेळ पाहिलं, किती जणांना आवडलं, किती जणांनी ते दुसऱ्याला पाठवलं.

आठवड्यातून एकदा दोन तास बसून दोन-तीन रील काढणं पुष्कळ झालं. मोबाइल उभा धरा, प्रकाश खिडकीतून बाजूने येऊ द्या. पहिल्या दोन सेकंदांत ‘नमस्कार मंडळी’ नको. सोऱ्यातून गरम चीक कापडावर पडतानाच दिसू दे. खालचा पट्टा आणि उजवी कड मोकळी सोडा, तिथे ॲपची अक्षरं आणि बटणं येतात. अनेकजण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून दर, किमान ऑर्डर आणि किती दिवसांत मिळेल हे पडद्यावर लिहा. ‘दरासाठी डीएम (खासगी मेसेज) करा’ लिहिलं की निम्मी चौकशी तिथेच मरते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि हंगाम? गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, चीक काढून कुरडई होते आणि तिला कडक ऊन लागतं. लोक ती उन्हाळ्याच्या तोंडाशी मागतात. श्रावणसरीत २१ रील टाकून ऑर्डर आल्या नाहीत, तर त्यात मनोवृत्तीचा काय संबंध?

त्याहून मोठी चूक म्हणजे रीललाच दुकान समजणं. रील १०,००० लोकांनी पाहिलं, पण ते पुण्या-नागपूरचे असतील तर सिडकोत येऊन पिशवी नेणारे किती? इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यात फॉलोअर्स कोणत्या शहरांतले ते दिसतं. आधी ते उघडा. जवळचा ग्राहक गूगल मॅप्सवर शोधतो. तिथे कोण वर दिसेल हे गूगलच्याच सांगण्यानुसार तीन गोष्टींवर ठरतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. गूगलवर आपल्या धंद्याची नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइल, फुकट आहे. नाव पाटीवर आहे तेच द्या. ‘नाशिकमधील नंबर वन कुरडई पापड’ असं नावात कोंबलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. घरून काम असेल आणि ग्राहक घरी येत नसतील तर पत्ता लपवून सेवा देण्याचे भाग भरा: इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड. पडताळणीला बहुतेकदा सलग व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, कामाची जागा, साधनं आणि व्यवसाय तुमचाच असल्याचा पुरावा दिसावा. मध्ये कट मारला की तो नाकारला जाण्याची भीती असते. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात मालाची मराठी नावं लिहा, तीच रोमन अक्षरांतही लिहा.

गूगलवरचा अभिप्राय माल हातात देताना मागा, अभिप्रायाचं पान उघडणारा क्यूआर कोड पिशवीलाच लावा. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. एका संध्याकाळी पंधरा नातेवाइकांचे पाच-पाच तारे पडले तर तेही पुसले जाऊ शकतात. पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ अंकी क्रमांक हवाच, आणि तो फोटोतही दिसू द्या. अनोळखी माणूस विश्वास ठेवतो तो त्यावर. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये दर टाका. एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. त्यामुळे पहिल्या ऑर्डरलाच ‘नंबर सेव्ह करा’ म्हणायला विसरू नका.

‘नकारात्मक माणसांना दूर ठेवा.’ घरात रोज अपमान करणाऱ्यापासून लांब राहा, यात दुमत नाही. पण ‘कुरडया चुरा होऊन आल्या’ असं लिहिणारी ग्राहक नकारात्मक नाही, ती फुकटात तपासणी करून देते आहे. चुरा बहुधा पातळ पिशवीमुळे आणि डब्यातल्या रिकाम्या जागेमुळे होतो: कडक खोका घ्या, प्रत्येक थरामध्ये कागद घाला, वरची पोकळी भरा. त्याच दिवशी उत्तर द्या: काय झालं, काय बदललं, भरपाई काय. वाद नको, ब्लॉक तर मुळीच नको. ते उत्तर पुढचे शंभर जण वाचतात.

मेसेजखाली कित्येकदा वेबिनारची लिंक असते. पैसे भरण्याआधी पैसे परत मिळण्याची अट लेखी मागा आणि तुमच्याच धंद्यातल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांशी बोला. कमाईचे स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

राहिलं ‘आकडे पाहू नका’. उलट एक वही घाला. रकाने चारच: तारीख, चौकशी कुठून आली, ऑर्डर झाली का, रक्कम. प्रत्येकाला विचारा, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ महिनाअखेरीस दहापैकी सात ऑर्डर मॅप्सवरून, दोन ओळखीतून आणि एक रीलवरून आली असेल, तर पुढच्या आठवड्याच्या त्या दोन तासांतला दीड तास प्रोफाइलचे फोटो आणि अभिप्रायांना द्या, रीलला अर्धा पुरे. आकडे उलटे आले तर वाटणीही उलटी करा.