अर्धा गाल, सबंध काका

साडेपाचची अपॉइंटमेंट. सव्वासहाला डॉक्टरांनी हिरडीत इंजेक्शन टोचलं आणि “दहा मिनिटं बाहेर बसा” म्हणून पिटाळलं. रूट कॅनालची ही तिसरी खेप. उजवा गाल, अर्धी जीभ आणि खालचा ओठ आता माझ्या ताब्यात नव्हते. नेमक्या त्या घडीला शेजारच्या काकांनी विचारलं, “दाढ आतून कशाने धुतात, विचारलंत का?”

मी “हाआं” म्हणालो. त्यांना ते प्रोत्साहन वाटलं.

“सोडियम हायपोक्लोराइट! धुण्यातलं ब्लीच हो ते! आणि इथे दारात कडुनिंब उभा आहे. त्रिफळ्याचा काढा करा, हळद घ्या, जंतू खलास. संशोधन झालंय.” मग आवाज खाली आणून, “कंपन्या दाबून ठेवतात.” बोलता बोलता खिशातल्या डबीतून लवंग काढून चघळणं चालू. मलाही एक दिली. मी ती दाढेखाली धरायला गेलो, तर बधिर ओठावरून घरंगळून शर्टाच्या खिशात. मागोमाग लाळ. काकांनी रुमाल नाही दिला, दुसरी लवंग दिली.

राग याचा, की काका निम्मे बरोबर होते. दाढ ठणकत होती त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी हेच वाचत बसलो होतो. कडुनिंबाचे, त्रिफळ्याचे अर्क प्रयोगशाळेतल्या बशीत एन्टेरोकॉकस फिकॅलिसला रोखतात. कॅनाल फसलेल्या दातांत वारंवार सापडणारा चिवट जंतू तो. पण बशी म्हणजे दाढ नव्हे. हायपोक्लोराइट जंतू तर मारतंच, वर मेलेली नसही विरघळवतं. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा त्याच्याच ०.५ टक्के द्रावणाने धूत असत. शिवाय दवाखान्यात झाडपाला नाही असं कोण म्हणतं? तात्पुरत्या सिमेंटात युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेच्या तेलातला ऐवज. शेवटी कॅनालमध्ये ठासतात तो गटापर्चा, तो झाडाचा चीक. आणि मागच्या खेपेला माझ्या दाढेत भरलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चक्क पानाला लावतात तो चुना. चुना लागल्याची शंका मला बिल बघूनच आली होती. कॅपचे वेगळे, हे तर तिसऱ्या खेपेला कळलं. पहिल्याला सांगायला काय झालं होतं?

एवढं सगळं ओठांशी आलेलं, आणि ओठच जागेवर नाहीत. “हण हायहोहोहाइह...” एवढंच निघालं.

“पटलं ना?” काका म्हणाले. “आमच्याकडे १२ वर्षं पेस्ट नाही. कडुनिंबाची काडी. हिलाही तीच.”

तेव्हा कुठे उलगडा झाला. पेशंट काका नव्हतेच. त्यांच्या पलीकडे गालाला पदर लावून काकू बसल्या होत्या. त्यांनाही टोचून बाहेर बसवलेलं. नाव मात्र आधी त्यांचं पुकारलं. (नंबर माझा होता.)

आत जाता जाता काकू दारात थांबल्या, काकांकडे बोट करून मला म्हणाल्या, “हांआ हप्प हरा हो.”

काकांना कळलं नाही, काउंटरवरच्या मुलीलाही नाही. मला शब्द न् शब्द कळला.