तो सामुराई नव्हे, नट आहे

तांबूस रंगाच्या अवाढव्य बाह्या, तोंडावर लाल पट्टे आणि तिरळे डोळे असलेले एक जपानी चित्र सध्या मोबाइलवर फिरत आहे. हे अकराव्या शतकातील सामुराई कामाकुरा गोंगोरो कागेमासा याचे समकालीन चित्र असून, शत्रूला धडकी भरावी म्हणून सामुराई लढाईपूर्वी चेहरा असा रंगवीत, असे सोबत सांगितले जाते.

काळाचा मुद्दा चटकन निकालात निघतो. कागेमासा लढला ते युद्ध १०८३ ते १०८७ मधले, आणि लाकडी ठशांनी अशी बहुरंगी चित्रे छापण्याचे तंत्र एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, १७६५ च्या सुमारास रुळले.

मग चित्रातला माणूस कोण? उत्तर बाहीवरच आहे. एकात एक बसवलेले तीन चौकोन हे काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातल्या इचिकावा दांजुरो या नटघराण्याचे चिन्ह आहे आणि प्रसंग ‘शिबाराकु’ या नाटकातला आहे. दुष्ट सरदार निरपराधांची मुंडकी उडवण्याच्या बेतात असताना, प्रेक्षकांमधून रंगमंचाकडे जाणाऱ्या लांब वाटेवरून नायक ‘शिबाराकु!’, म्हणजे ‘थांबा!’, अशी गर्जना करीत येतो. त्या बाह्या आत बांबूच्या कामट्या घालून ताठ केलेल्या असतात. त्या घालून रणांगणात तलवार उपसणे सोडाच, धड वळताही येणार नाही.

लाल पट्टे म्हणजे ‘कुमादोरी’ ही रंगभूषा. संतापाने फुगलेल्या शिरा आणि ताणलेले स्नायू दूरच्या प्रेक्षकालाही दिसावेत म्हणून त्यांच्याच वळणाने रंग ओढतात. लाल शूराचा, निळा खलनायकाचा. प्रयोगानंतर काही नट चेहऱ्यावर कापड दाबून या रंगांचा ठसा उमटवून घेतात, आणि चाहते तो जपून ठेवतात. डोळ्यांचा तिरळेपणाही व्यंग नसून, ऐन क्षणी स्तब्ध होऊन घेतलेली ‘मिए’ ही ठरीव मुद्रा आहे.

शिवाय या नाटकाच्या नायकाचे नाव पूर्वी प्रयोगागणिक बदलत असे. कागेमासा हे नाव १८९५ मध्ये दांजुरो हे नाव धारण करणाऱ्या नवव्या नटाच्या प्रयोगापासून कायम झाले. त्याआधीच्या चित्रातला वीर कागेमासाच असेल, असेही त्यामुळे गृहीत धरता येत नाही.

कागेमासा होऊन गेला, एवढे मात्र खरे. सोळाव्या वर्षी त्याच्या डोळ्यात बाण घुसला आणि तो उपटण्यासाठी सोबत्याने तोंडावर पाय रोवताच, या अपमानाने चिडून त्याने त्या सोबत्यावरच शस्त्र उपसले, अशी कथा आहे. फिरणाऱ्या चित्रात मात्र दोन्ही डोळे शाबूत आहेत.