सातपुडा, ओझोन आणि तुमचे दोन आक्षेप

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. झाडांच्या वायूपासून ओझोन (जमिनीलगतचा, श्वासाला घातक) होतो असं माझ्या लेखात लिहून मी जंगल तोडणाऱ्यांच्या हातात कुऱ्हाड दिली, हा तुमचा पहिला आक्षेप. आणि सेकंदभरही न टिकणारा हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचा दिसेल त्याच्याशी भिडणारा तुकडा, हवा धुतो, हे पाहिलंय कुणी, हा दुसरा.

झाडं वायू सोडतात, हे खरंच आहे. मे महिन्यात पालच्या बाजूला सालईच्या खोडावरचा ताजा डिंक बोटावर घेऊन बघा. टर्पेंटाइनसारखा उग्र वास येतो, तो टर्पीनांचा. त्यांचा भाऊबंद आयसोप्रीन मात्र असा नाकाला कळत नाही. जगभरची झाडं तो वर्षाला सुमारे ५० कोटी टन सोडतात, तोही उन्हातच. रात्री जवळपास बंद. उन्हाच्या तडाख्यात पानाला तग धरायला त्याची मदत होते. पण नुसत्या आयसोप्रीनचा ओझोन होत नाही. त्याला नायट्रोजन ऑक्साइड लागतात, आणि ते आपल्याकडे मुख्यतः ट्रकच्या धुरातून, कोळशाच्या चिमण्यांतून, शेतात पेटवलेल्या पऱ्हाट्यांतून येतात. म्हणून तेच झाड तोरणमाळला एक वागतं आणि भुसावळजवळच्या महामार्गाला दुसरं. कुऱ्हाड चालवायचीच तर धुरावर चालवा.

आता रॅडिकल. पाहिलाय, लेझरनं. कमी दाबाच्या पेटीत हवा ओढायची, ३०८ नॅनोमीटरचा अतिनील किरण टाकायचा. रॅडिकल क्षणभर चमकतो, ती चमक मोजायची. भर दुपारीही हवेच्या काही लाख कोटी रेणूंमागे एखादाच सापडतो. तरी मिथेनचा बहुतेक निचरा तोच करतो! २००५ साली सुरिनामच्या जंगलावर विमानातून मोजणी झाली. आयसोप्रीन सगळा रॅडिकल खाऊन टाकेल असं गणित सांगत होतं; निघाला कितीतरी जास्त. धूर नसलेल्या हवेत आयसोप्रीन मोडता मोडता काही रॅडिकल परत देतो, असा अर्थ लावला गेला.

इथे मात्र तुमचा संशय मला मान्य आहे. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाइनच्या जंगलात मोजणाऱ्यांना आढळलं, की दिसणाऱ्या चमकेतला बराच भाग यंत्राच्या आतच तयार झालेल्या रॅडिकलचा होता. रॅडिकल परत मिळतो हे बंद कक्षातल्या प्रयोगांतही दिसलंय, पण सगळा नाही, काही भागच. ‘जंगलाची हवा स्वतःला पूर्ण सावरते’ असं मी लिहिलं, ती माझी घाई झाली. ते वाक्य मूळ लेखात आज बदललंय. ओझोनचं आहे तसंच ठेवलंय, फक्त धुराचा परिच्छेद त्याच्या आधी आणलाय.